बाळंतिणीला आधी विचारा, तिला कुठं राहायचं आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या नागपुरात दोन कामं सोबतच निघतात, कूलरला नवीन खस लावायची आणि ज्यांच्या घरी मे महिन्याची तारीख आहे त्यांनी लेकीला आणायला जायचं. आमच्या कॉलनीत यंदा अशा दोन पोरी यायच्या आहेत, एक मुंबईहून, एक हैदराबादहून. दोघींच्या आयांना मी सहज विचारलं की पोरीला विचारलं का, तिला कुठं राहायचं आहे ते? तर एक म्हणाली, "त्यात काऊन विचारायचं, पहिलं बाळंतपण माहेरीच राहते ना." तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही कारण २०२२ मध्ये मी अगदी हेच बोलले होते. त्या एका वर्षात मी लेकीचं आणि सुनेचं अशी दोन बाळंतपणं केली, मे महिन्यात लेकीचं आणि डिसेंबरात सुनेचं, आणि त्यातून मला जे कळलं ते कुणीतरी मला आधी सांगायला पाहिजे होतं म्हणून हे पत्र.

लेक पुण्याला नोकरीला. तिथली डॉक्टर पहिल्या महिन्यापासून तिला बघत होती, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, जावई सोबत. तरी आम्ही तिला आठवा सरता सरता घेऊन आलो, तेही रेल्वेनं रात्रभर, कारण विमानवाले साधारण ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात आणि ३६ नंतर तर बसूच देत नाहीत. त्या रात्री ती बर्थवर नुसती कूस बदलत होती, पाय सुजलेले, आणि मी तिला म्हणत होते एकदा घरी पोचलो की सगळं ठीक होईल. इथं आल्यावर नवी डॉक्टर, ३५ वा आठवडा, सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट अर्धे पुण्यातच राहिलेले, ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले, दोन तपासण्या परत झाल्या. नव्या डॉक्टर चांगल्या होत्या, पण आठ महिने जिनं पोरीला पाहिलं तिला सोडून आपण शेवटच्या महिन्यात दुसरीच्या हातात तिला देतो हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

बाळंतपण नॉर्मल झालं, मुलगा झाला. मे महिन्याचा मधला आठवडा, पारा ४४ च्या वर. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते तुमच्या वाचकांना मी काय सांगू, २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेलेलं हे गाव आहे. आमची रिकामी खोली वरच्या मजल्यावर, दुपारनंतर स्लॅबमधून नुसती आग यायची, पण खाली पाहुणे, येणं-जाणं, म्हणून बाळंतिणीची खोली वर केली. चौथ्या दिवशी दुपारी लाईन गेली. मी खिडकी लावून घेतलेली, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून, तिच्या कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, आणि लेकराला दुपट्यात गच्च गुंडाळून वरून टोपडं आणि पायमोजे घातलेले, मे महिन्यात. तासाभरानं लेकीनं त्याला पाजायला घेतलं तर तो ओढेचना. मी मानेखाली हात घातला तर मानेची घडी ओलीचिंब आणि लालभडक, अंग तापलेलं, आणि डोळे उघडून बघायलाही तयार नाही. थर्मामीटर लावलं, १००.८.

दवाखान्यात लगेच भरती करून घेतलं, रक्त तपासलं. इन्फेक्शन नव्हतं हे नशीब. डॉक्टर म्हणाले उष्णता आणि पोटात दूध कमी गेलेलं. पहिल्या आठवड्यात लेकराचं वजन थोडं उतरतंच, पण याचं दहा टक्क्यांच्याही पुढं उतरलं होतं, कावीळही वाढलेली निघाली, दोन दिवस निळ्या लाईटखाली ठेवलं. आमच्याकडचे नातेवाईक फोनवर सांगत होते की कावीळ आहे ना, सकाळच्या उन्हात धरा, कमी होईल. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन आणि चार दिवसांचं लेकरू! डॉक्टरांनी मला बाजूला बसवून तीन गोष्टी सांगितल्या, एवढ्या लहान लेकराला ताप आला की घरी वाट बघायची नाही, उन्हाळ्यात त्याला तेवढेच कपडे घालायचे जेवढे आपल्याला सोसतात, आणि वरून पाणी, मध, गुटी काही द्यायचं नाही कारण आईच्या दुधातच ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं. मी त्याच्या तीस वर्षं आधी, १९९२ साली, पुलगावला माझ्या आईकडं बाळंत झाले तेव्हा आईनं खाटेखाली शेगडी ठेवली होती, ओवा-वेखंडाची धुरी द्यायची, आणि मी तेच सगळं डोक्यात धरून बसले होते. पण ते दिवस थंडीचे होते आणि बंद खोलीत कोळसा पेटवणं तेव्हाही धोक्याचंच होतं, आम्ही वाचलो एवढंच. ती खिडकी मी लावली होती, ते पायमोजे मी घातले होते, हे मी आजही विसरले नाही.

पण ह्याच्याहूनही मोठी गोष्ट पुढं झाली आणि ती कोणाला दिसलीच नाही. जावई तीन महिन्यांत चार वेळा येऊन गेले, शनिवारी सकाळी यायचे, रविवारी रात्री गाडी. प्रायव्हेट नोकरीत बापाला अशी रजा द्यायचा कायदाच नाही, केंद्र सरकारच्या नोकरीत तरी १५ दिवस मिळतात. आले की आम्ही त्यांना पाहुण्यासारखं बसवायचो, ताटं वाढायचो, लेकरू दोन मिनिटं हातात द्यायचो आणि रडलं की काढून घ्यायचो. लेकीची रजा २६ आठवड्यांची, २०१७ पासून कायद्यात तेवढी झाली आहे, पण त्यातले पाच आठवडे बाळंतपणाच्या आधीच गेले, तेरा आठवडे ती इथं राहिली, म्हणजे पुण्याला परत गेली तेव्हा हातात जेमतेम दोन महिने. इथं दहा माणसं होती, मालिशवाली बाई, मी, आत्या, शेजारीण, आणि तिथं एकदम कोणीच नाही. जावयाला लंगोट बदलता येईना, लेकरू त्यांच्याकडं थांबेना, शिकले असते कधी? दिवसभर ती एकटी. एका दुपारी तिचा फोन आला, बोलेचना, नुसती रडत होती, मागं लेकरूही रडत होतं. मी म्हटलं काय झालं तर म्हणते, "आई, मला हे जमून नाही राहिलं." पुढं डॉक्टरला दाखवलं, बरी झाली, पण चार महिने गेले त्यात. आपण सव्वा महिना, तीन महिने बाळंतिणीला फुलासारखं जपतो आणि मग ज्या घरात तिला लेकरू वाढवायचं आहे त्या घरात तिला रिकाम्या हातानं पाठवून देतो. आता १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोकट नंबर आहे, मराठीतही बोलतात, ज्यांच्या घरी अशी पोरगी आहे त्यांनी तो लिहून ठेवावा.

आता सुनेचं सांगते. सुनेचं माहेर तुमसरला. तिची आई वारलेली, घरी भाऊ-वहिनी, वहिनीला स्वतःची दोन लहान पोरं आणि दुकान. तरी आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की डोहाळजेवण झालं की ती तुमसरला जाणार, भावानंही तसा फोन केला, कारण नाही केला तर लोक म्हणतील आई नाही तर भावानं विचारलं नाही. ती सातव्या महिन्यात असताना एक दिवस आम्ही दोघी ओट्यापाशी अंबाडी निवडत होतो आणि तिनं मान खाली घालूनच विचारलं, "आई, मी इथंच राहिली तर चालेल का?"

माझे हात थांबले. चार वर्षं ती या घरात राहते, या घरचा किराणा ती भरते, आणि स्वतःच्या घरात राहायचं की नाही हे तिला मला विचारावं लागलं. मी म्हटलं, बेटा, चालेल का काय विचारते, तुला काय काय पाहिजे ते सांग. मग तिनं सांगितलं, आणि ऐकून मला वाटलं की हे मी लेकीला का नाही विचारलं. तिला खालची खोली पाहिजे होती म्हणजे जिने चढावे लागणार नाहीत. संडास कमोडचा पाहिजे होता, आमचा खालचा देशी होता. खोलीला आतून कडी पाहिजे होती, पाजताना कोणीही दार ढकलून येतं म्हणून. पहिले पंधरा दिवस बघायला कोणी नको. आणि हे सांगताना ती जरा घाबरली, डिंकाचे लाडू सकाळी सकाळी नको, तिला मळमळतं, दुपारी खाईल.

एवढंच. कमोड बसवायला आणि कडी लावायला मिस्त्रीला दोन दिवस लागले. सगळ्यात अवघड काम होतं पाहुण्यांचं. माझ्या नणंदेनं दोन महिने अबोला धरला, की आम्हाला लेकरू दाखवलं नाही. धरू दे. सुनेचं सिझर झालं, टाके होते, उठता-बसता जीव जायचा, आणि त्यात दर तासाला कोणी ना कोणी येऊन दिवाणावर बसलं असतं तर तिनं ब्लाउजची बटणं लावायची की लेकराला पाजायचं? आमच्याकडं बाळंतिणीला भेटायला येणं म्हणजे तिच्या खोलीत बसून चहा पिणं असं झालं आहे. तो चहा मी बाहेरच्या खोलीत देत होते आणि फोटो मोबाईलवर दाखवत होते. तिच्या वहिनीला मी स्वतः फोन केला, की तुम्ही राग धरू नका, येत जा, पण पोरगी इथं राहील. ती फोनवर रडली. म्हणाली, "मावशी, मी कशी करणार होती मला समजूनच नव्हतं राहिलं."

पोरानं नऊ दिवसांची साठवलेली रजा घेतली आणि पुढं रात्रपाळी त्याचीच, दहा ते दोन. पाजून झालं की लेकरू त्याच्या खांद्यावर, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, डिसेंबरची थंडी म्हणून शर्ट काढून छातीशी धरून वर शाल घ्यायचा. पंधरा दिवसांत तो माझ्यापेक्षा तयार झाला. हे त्याच्या बहिणीच्या नवऱ्यालाही जमलं असतं, आम्ही मध्ये सातशे किलोमीटर टाकून ठेवले.

माहेर वाईट असं मी म्हणत नाही आहे. ज्या पोरीला आईजवळ जायचं आहे तिनं जावं, खुशाल जावं, आईच्या हातच्या वरणभातानं जे होतं ते कशानं होत नाही. माझं म्हणणं एवढंच की हे तिनं ठरवावं आणि सातव्या महिन्याच्या आतच ठरावं, रीत म्हणून नाही. आणि ठरवताना लाडूंच्या आधी दुसऱ्या गोष्टी बघाव्या. रात्री दोन वाजता त्रास झाला तर दवाखाना किती लांब आहे आणि गाडी कोणाची आहे? बाळंतपण झालं म्हणजे धोका संपला असं नसतं. अंगावरून जास्त जाणं, ताप, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, एकाच पोटरीत दुखून सूज येणं, यातलं काही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नसते, आणि बीपी तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांतही चढू शकतं, ज्या बाईला आधी कधीच नव्हतं तिलाही. आर्वीच्या पुढच्या खेड्यात माहेर असेल, प्रेमाची माणसं असतील, पण रात्री वर्ध्यापर्यंत पोचायला दीड तास लागत असेल तर बीपीवाल्या पोरीनं तिथं राहू नये, भले आईला कितीही वाईट वाटो. तसंच रात्री उठणारं माणूस कोण आहे ते नाव घेऊन ठरवा. "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही असा माझा अनुभव आहे.

आणि कागदपत्रांचं. जन्माची नोंद जिथं लेकरू जन्मतं तिथंच होते, २१ दिवसांच्या आत, त्यामुळं आमच्या नातवाचा दाखला नागपूर महापालिकेचा आणि पोरं राहतात पुण्याला, त्यात काही बिघडत नाही पण नाव टाकायला, दुरुस्ती करायला इथंच हेलपाटे. सहा आठवड्यांची लस असते, ते कार्ड सोबत ठेवावं लागतं. आशाताई बाळंतीण घरी आल्यावर जन्मापासूनच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन लेकराचं वजन करतात, ताप बघतात, पण त्यांच्या यादीत तुमचं नाव तर पाहिजे. आमच्या लेकीचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं, कारण ती आमच्या वस्तीत गरोदर म्हणून कधी नोंदलीच नव्हती. जिथं राहायचं ठरेल तिथल्या आशाताईला आठव्या महिन्यातच सांगून ठेवा.

लेकीची एक मैत्रीण नेदरलँड्सला असते, तिच्याकडून ऐकलं की तिथं बाळंतपणानंतर आठेक दिवस रोज घरी एक शिकलेली बाई येते, आईचे टाके बघते, लेकराला आंघोळ घालायला बापाला शिकवते, आणि तिचा बहुतेक खर्च विम्यातून होतो. कोरियात म्हणे बाळंतिणींनी राहायची वेगळी केंद्रंच आहेत, दोन आठवडे तिथं राहून मग घरी जातात. आपल्याकडं ते काही नाही तर निदान माणूस तरी बाळंतिणीकडं जाऊ शकतं ना, दरवेळी ओली बाळंतीणच का गाडीत बसवायची?

मागच्या वर्षी लेकीच्या दुसऱ्या वेळी हेच केलं. ती म्हणाली, "आई, यावेळी तू ये." हे घरी सांगितलं तर आमचे हे गप्पच बसले. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं या वळणात वाढलेली आम्ही माणसं, जावयाच्या घरी सव्वा महिना राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील. मी गेले. पहिल्या दिवशी जेवताना घास उतरेना खरंच, म्हणून जेवण झालं की देवघरापाशी एक रुपया ठेवून द्यायची, माझ्या आईनंही कधी माझ्याकडं जेवली तर असाच ठेवला होता. आठवडाभरानं जावयाच्या लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीपासून सकाळचा चहा करून मला हातात आणून द्यायला लागले आणि म्हणाले, "आई, हा मी केला आहे, याचे पैसे नाही लागत." त्यानंतर मी रुपया ठेवला नाही. यावेळी लेकराला आंघोळ जावयानंच घातली, मी नुसती बाजूला पाट घेऊन बसायची. मी परत आले त्या दिवशी लेक रडली नाही, गॅलरीत उभी राहून हात हलवला.

हे सगळं झालं ज्यांच्याकडं दोन घरं आहेत त्यांचं, निवडायला काहीतरी आहे त्यांचं. आमच्याकडं भांड्याला येते तिचं बाळंतपण डागा हॉस्पिटलात झालं, तेही मे महिन्यातच. बाळंतपण, औषधं, दवाखान्यातलं जेवण सगळं फोकट, सरकारी गाडीनं घरापर्यंत आणून सोडलं, ते चांगलंच आहे, पण ते घर म्हणजे टिनाचं. माहेर बालाघाटकडं, तिथंही टिनच. पहिल्या लेकराला मातृवंदना योजनेत पाच हजार मिळतात तेही दोन हप्त्यांत, त्यात किती दिवस काम सोडून बसणार? तिसऱ्या आठवड्यात ती आमच्या दारात उभी राहिली, लेकरू फडक्यात, काम मागायला. मी म्हटलं काम राहू दे, दुपारी बारा ते पाच इथं येऊन बस. ती आमच्या खालच्या खोलीत कूलरपुढं पडून राहायची आणि लेकरू झोपलं की तीही झोपायची, इतकी गाढ की मला वाटायचं ही कित्येक दिवसांनी झोपून राहिली.

नागपूर महापालिका दर उन्हाळ्यासाठी हीट अ‍ॅक्शन प्लॅन करते. शहरात दहा झोन आहेत, बहुतेक वस्त्यांत समाजभवनं आहेत, त्यातली कितीतरी दुपारची कुलपात असतात. एप्रिल ते जून दुपारी त्यातली एकेक खोली बाळंतिणींसाठी उघडी ठेवता येणार नाही का? कूलर, पिण्याचं पाणी, दोन खाटा, आतून लागणारी कडी आणि आशाताईची एक फेरी, याच्यापुढं काही लागत नाही. टिनाच्या घरातली बाई रात्र काढते हो, दुपार निघत नाही तिची. नगरसेवक, झोनचे अधिकारी तुमचा पेपर वाचतात, म्हणून हे मुद्दाम तुमच्याकडं पाठवते आहे, जागा असेल तर छापा.

ती परत गरोदर आहे. डॉक्टरांनी तारीख मे महिन्याच्या शेवटची दिली, म्हणजे बरोबर नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. मागच्या आठवड्यात मी तिला विचारलं, बाई, यावेळी कुठं राहायचं ठरवलं? तिनं पदरानं हात पुसले, थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "आजपर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं जी." खालची खोली देता का म्हणाली, दुपारची नाही, पूर्ण सव्वा महिना, आणि सासूलाही सोबत आणू का. परवा सामान वर नेलं, कडी आहेच, कूलरची खस उद्या बदलते.

आपली एक वाचक,
मानेवाडा, नागपूर